हॅम्बुर्ग आणि लाइपझिग: आई-बाबांना घेऊन जातोय, कुठे किती दिवस द्यावेत?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी.

धाकटा भाऊ दोन वर्षांपासून लाइपझिगला नोकरीला आहे. येत्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे जायचं ठरलंय. मला रजा बारा दिवसांची मिळाली आहे. त्यातले दोन दिवस मुंबई गाठण्यात आणि विमानात जातील, म्हणजे हातात दहा.

भावाचं म्हणणं असं की लाइपझिगला दोन दिवस पुष्कळ झाले, बाकी हॅम्बुर्ग आणि बर्लिन करू. पुण्यातला एक मित्र म्हणतो, लाइपझिग नकाशावरून पुसलं तरी चालेल, हॅम्बुर्गच बघा. मला दोन्हींतलं काहीच माहीत नाही. आई-बाबा परत कधी एवढ्या लांब जातील असं वाटत नाही, म्हणून दिवस वाया गेलेले मला चालणार नाहीत.

बाबांनी तीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काढली. रुई मुठीत दाबून ओलावा सांगतात. पहाटे चारला उठायची सवय अजून गेली नाही. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिचे गुडघे दुखतात, दिवसाला तीन-चार किलोमीटर चालते, पण पायऱ्या नको म्हणते. समुद्र तिनं आयुष्यात एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याला. दोघांनाही म्युझियममध्ये तासन् तास उभं राहायला आवडणार नाही.

कुठे किती दिवस द्यावेत? दोन शहरांत फरक नेमका कसला? आणि आईच्या जेवणाचं कसं करायचं? जाऊन आलेल्यांनी आपला अनुभव सांगावा, जाहिरातीतली माहिती माझ्याकडे भरपूर आहे.

*

सावद्याची ताई

भाऊ, तुमच्या बाबांचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

मी शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. घरची केळीची बाग आहे, रावेर तालुक्यात. मुलगी लाइपझिगला संशोधनाला आहे, त्यामुळे २०२३ च्या मे-जूनमध्ये आणि २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशी दोनदा राहून आले. हॅम्बुर्गला दोन्ही वेळा गेले, एकदा तीन दिवस, एकदा चार.

आधी माझा सल्ला सांगते, मग कारणं. बर्लिन सोडा. दहापैकी सहा दिवस लाइपझिग, तीन दिवस हॅम्बुर्ग, एक दिवस जाण्यायेण्याचा. तुमच्या मित्राचं ऐकू नका.

हॅम्बुर्ग हे पाण्याचं आणि पैशाचं शहर. बंदर समुद्रावर नाही, एल्बे नदीवर आहे, समुद्रापासून जवळजवळ शंभर किलोमीटर आत. तरी भरती-ओहोटी तिथपर्यंत येते. सकाळी धक्क्याच्या भिंतीवर ओला पट्टा दिसतो तो दुपारी पाण्याखाली गेलेला असतो. मी इतकी वर्षं वर्गात फळ्यावर नदीमुखाची आकृती काढली, पण नदी उलटी चढताना डोळ्यांनी पाहिली ती तिथे.

त्या पाण्याच्या कडेला श्पायशरश्टाट म्हणून वखारींची वस्ती आहे. लाल विटांच्या पाच-सहा मजली वखारी, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला कालवा. १८८३ मध्ये बांधकाम सुरू झालं, त्यासाठी तिथे राहणाऱ्या सुमारे वीस हजार माणसांना उठवलं. खाली जमीन अशी नाहीच, गाळात हजारो लाकडी खांब ठोकून त्यावर सगळं उभं आहे. छपराशी अजून कप्प्या दिसतात. कालव्यातल्या पडावातून कॉफी, कोको, चहा, मसाल्याची पोती दोरानं वर ओढायची आणि मजल्यामजल्यावर आत घ्यायची. २०१५ मध्ये ही वस्ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिथे मसाल्यांचं एक छोटं संग्रहालय आहे, वर्गाच्या दोन खोल्यांएवढं. हळद, मिरी, जिरं हातात घेऊन हुंगता येतं. तुमच्या आईला तेवढं चालेल, फार उभं राहावं लागत नाही. मात्र जिना आहे, आधी विचारून घ्या.

शेजारीच चिलेहाउस नावाची इमारत आहे, जहाजाच्या नाळेसारखी टोकदार. १९२४ मध्ये पुरी झाली, अठ्ठेचाळीस लाख विटा लागल्या. माझ्या नवऱ्याला इमारतीत रस नव्हता, पण ती कुणी बांधली ते कळलं आणि तो थांबला. चिली देशातून सॉल्टपीटर, म्हणजे नत्राचं खत, आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यानं ती बांधली. आपण युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभे राहतो, आणि इथे खताच्या पैशातून केवढं उभं राहिलं ते दिसतं. तो बराच वेळ त्या भिंतीला हात लावून उभा होता.

आता केळी. हे मी लांबवणार आहे, कारण दोन्ही शहरं मला केळीनंच समजली.

हॅम्बुर्गला रविवारी पहाटे मासळीबाजार भरतो, १७०३ पासून. उन्हाळ्यात पाचला सुरू होतो आणि साडेनऊला संपतो. नाव मासळीचं असलं तरी फळं, फुलं, कपडे सगळं असतं. तुमच्या बाबांना पहाटे उठायची सवय आहे तर त्यांना न्याच. एका ट्रकवर माणूस उभा राहून ओरडत होता आणि केळीच्या फण्या लोकांच्या अंगावर फेकत होता, लोक झेलत होते. टोपलीत अननस, आंबा, केळी भरून शेवटी सगळं मिळून एका भावात. मला ते बघवलं नाही. आपण घड उतरवताना खाली गादी धरतो, पानं अंथरतो, साल खरचटली तर व्यापारी भाव पाडतो. मी पुढे जाऊन एक फणी विकत घेतली आणि निरखून पाहिली. टोकाला इक्वेडोरचा शिक्का. जात आपलीच, कॅव्हेंडिश, ग्रँड नैनच्या घरातली. लांबी एकसारखी, एकावरही डाग नाही. हिरवी असताना तोडायची, तेरा-चौदा अंशांवर जहाजात ठेवायची, बंदरात उतरली की चेंबरमध्ये इथिलीन देऊन पिकवायची. आपल्याकडे जानेवारीत थंडीचा चरका बसला की साल काळवंडते. ते लोक चरका बसायच्या अगदी काठावर तापमान धरून अर्धी पृथ्वी पार करतात. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चवीला ती त्यांच्या केळीपेक्षा गोड आहे, हे मी खाऊन सांगते. पण ती तिथल्या दुकानात मला एकदाही दिसली नाही. रावेर-सावद्याहून रेल्वेनं दिल्लीला जाणारी केळी मी लहानपणापासून पाहतेय. हॅम्बुर्गच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा वाटलं की आपला माल इथवर का येत नाही, हे कुणीतरी नीट बसून सोडवायला हवं.

आणि लाइपझिगला हीच केळी वेगळी भेटली. मुलीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. मुलीनं ओळख करून दिली की आईची केळीची बाग आहे. त्यांनी माझा हात धरून ठेवला. लाइपझिग पूर्व जर्मनीत होतं, १९९० पर्यंत. त्या काळी तिथे केळी मिळणं म्हणजे नशीब. नाताळच्या सुमाराला दुकानात आली तर आली, बातमी फुटली की रांग. आजी म्हणाल्या, मुलीला ताप आला होता तेव्हा मी दोन केळ्यांसाठी दोन तास उभी होते. तिकडे पश्चिम जर्मनीत उलट. १९५७ मध्ये युरोपचा सामायिक बाजार ठरला तेव्हा त्यांच्या चॅन्सेलरनं केळी बिनजकातीची आणता यावीत म्हणून वेगळं कलम पदरात पाडून घेतलं होतं. बर्लिनची भिंत उघडली तेव्हा पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येकाला पश्चिमेत शंभर मार्क स्वागताचे मिळायचे, आणि त्यातून पुष्कळांनी केळी घेतली. आजींनीही घेतली. पहिलं केळं त्यांनी गाडीतच खाल्लं आणि साल घरी येईपर्यंत पर्समध्ये ठेवली, म्हणाल्या.

म्हणून सांगते, हॅम्बुर्ग बघितलं की माल कुठून आला ते कळतं, आणि लाइपझिगला राहिलं की तो ज्यांना मिळाला नाही ती माणसं भेटतात. फरक विचारलात ना, माझ्यापुरता तो हाच.

लाइपझिगला दोन दिवसांत काय होतं ते सांगते. माणूस स्टेशनवर उतरतो, दोन चर्च बघतो, जुन्या बाजारात कॉफी पितो आणि म्हणतो, झालं. मीही पहिल्या आठवड्यात तसंच म्हटलं होतं. ते शहर सावकाश उलगडतं. स्टेशनच घ्या, १९१५ चं, दर्शनी भिंत जवळजवळ तीनशे मीटर लांब. चोविसाव्या फलाटावर जुनी इंजिनं उभी करून ठेवली आहेत. भुसावळच्या यार्डाशेजारी वाढलेल्या माझ्या नवऱ्यानं तिथे एक सकाळ काढली. तुमच्या आईला बसायला बाकं आहेत आणि लिफ्टही आहेत.

टोमासकिर्शमध्ये, म्हणजे सेंट थॉमस चर्चमध्ये, बाख हा संगीतकार १७२३ पासून १७५० ला मरेपर्यंत नोकरीला होता. मुलांना गाणं शिकवायचं, रविवारी नवं संगीत द्यायचं. मला पाश्चात्त्य संगीत कळत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला तिथली मुलं गातात, दोन-तीन युरोंत आत सोडतात, बसायला जागा मिळते. गाणारे मागच्या सज्जात असतात. आपण पुढे तोंड करून बसायचं आणि आवाज पाठीमागून, वरून येतो. गाणारा दिसत नसल्यानं ऐकण्याशिवाय दुसरं काही उरत नाही. मुक्ताईनगरला काकड्याच्या वेळी अंधारात पखवाज सुरू होतो, तसं पोटात हललं. त्या मुलांचा गायकवृंद १२१२ पासून चालू आहे. पुढच्या बाजूला बाखची समाधी आहे, जमिनीत साधी पाटी, त्यावर कुणीतरी ताजी फुलं ठेवलेली असतात. शाळांच्या सुट्ट्यांत कार्यक्रम नसतो, म्हणून तारीख बघून घ्या.

दुसरं निकोलाइकिर्श. आतले खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे उलगडतात, पांढरे आणि पोपटी. इथे १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांततेची प्रार्थना होते, आजही. १९८९ मध्ये या प्रार्थनेनंतर लोक बाहेर पडून चालू लागले. ९ ऑक्टोबरला सत्तर हजार माणसं हातात मेणबत्त्या घेऊन चालली. मेणबत्ती विझू नये म्हणून दुसरा हात आडवा धरावा लागतो, मग दगड उचलायला हात मोकळा राहत नाही. गोळीबार होणार अशी सगळ्यांना भीती होती, झाला नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. २०२४ च्या ९ ऑक्टोबरला मी तिथे होते. दर वर्षी त्या दिवशी चौकात मेणबत्त्यांनी ८९ हा आकडा मांडतात. खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्याबरोबर आल्या होत्या. तेव्हा त्या दोन मुलांना शेजारणीकडे ठेवून निघाल्या होत्या, आणि परत येऊ की नाही माहीत नसल्यानं घराची किल्लीही तिच्याकडे दिली होती. त्या हे बोलत असताना माझी मुलगी भाषांतर करायची थांबली.

आणि तुमच्या बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. शहराच्या पश्चिमेला प्लागविट्झ भागात कापसाची जुनी गिरणी आहे, श्पिनराय म्हणतात. १८८४ मध्ये सुरू झाली आणि पंचवीस वर्षांच्या आत युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात मोठी सूतगिरणी झाली. सूत कातायच्या सुमारे दोन लाख चाळीस हजार चात्या. आपल्याकडे पंचवीस हजार चात्यांची सहकारी गिरणी म्हणजे केवढी गोष्ट वाटते, त्याच्या जवळजवळ दहापट. हजारो कामगार, त्यांची घरं, मुलांची शाळा, भाजीच्या बागा, सगळं आवारातच. पूर्व जर्मनीच्या काळातही चालली, आणि देश एक झाल्यावर दोन-तीन वर्षांत बंद पडली. पाडली मात्र नाही. आता तिथे चित्रकारांच्या कामाच्या जागा आणि गॅलऱ्या आहेत. भिंती, लोखंडी खांब, फरशीवरच्या यंत्रांच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. आत जायला पैसे नाहीत. अमळनेरच्या प्रताप मिलच्या भोंग्यावर तुमच्या बाबांच्या पिढीनं घड्याळं लावली असतील. बंद गिरणीचं काय होऊ शकतं, हे त्यांनी एकदा पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आईच्या जेवणाचं उद्या लिहिते, नातू उठला.

*

पांझराकाठचा (धुळे, सध्या हॅम्बुर्ग)

ताईंचं सगळं वाचलं. केळी फेकणाऱ्याचं मलाही कधी रुचलं नाही. पण तीन दिवसांवर माझं एकमत नाही. मी सहा वर्षं हॅम्बुर्गला आहे. वारा आणि पाऊस एक दिवस हमखास खातात, म्हणून चार धरा. धुळ्याच्या मेमधून येणाऱ्याला इथला मे थंडच वाटेल. आई-बाबांना कानटोपी आणि वारं अडवणारं जाकीट द्या, छत्री उलटी होते.

आईंच्या गुडघ्यांसाठी या शहरासारखं दुसरं शहर नाही, कारण पाणी बसून बघता येतं. लांडुंग्सब्र्युकन या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरीबोट फिंकेनवेर्डरला जाते. ती बसगाडीसारखीच शहराच्या वाहतुकीत मोडते, दिवसभराच्या तिकिटात चालते. बंदराच्या सहलीला माणशी वीस-पंचवीस युरो मोजण्यापेक्षा हिच्यात बसा. वाटेत नॉयम्युलेन थांब्याला उतरलं की नदीकाठी वाळूचा पट्टा आहे. समोरून शेकडो मीटर लांबीचं कंटेनरचं जहाज जातं, आणि ते गेल्यावर थोड्या वेळानं लाटा पायाशी येतात. माझी आई आली होती तेव्हा ती वाळूत बसून राहिली आणि एवढंच म्हणाली, "इतलं पानी शे!" दुसऱ्या दिवशी तिला परत तिथंच जायचं होतं. आम्ही परत तिथंच गेलो.

त्याच धक्क्याजवळ एल्बेखालून जाणारा जुना बोगदा आहे, १९११ चा, ४२६ मीटर. चालत जायला फुकट, खाली-वर लिफ्ट आहे. आत भिंतींवर मासे, खेकडे यांची चिनीमातीची चित्रं आहेत. पलीकडून शहराचं पूर्ण दर्शन होतं.

एल्बफिलहार्मोनी चुकवू नका. कोको आणि चहा-तंबाखू ठेवायच्या जुन्या वखारीवर काचेचं संगीतगृह चढवलंय, २०१७ मध्ये उघडलं. सदतीस मीटर उंचीवर चारही बाजूंनी फिरता येणारा सज्जा आहे, तिथवर लांबलचक, कमानीसारखा वळलेला सरकता जिना नेतो. जागेवर तिकीट फुकट मिळतं, आधी ऑनलाइन घेतलं तर थोडे पैसे.

एक गोष्ट मात्र ताईंनी टाळली असेल तर मी सांगतो, कारण त्याशिवाय हॅम्बुर्ग नुसतं श्रीमंत दिसतं. इथंही एक निकोलाई चर्च होतं, लाइपझिगच्यापेक्षा वेगळं. त्याचा मनोरा उभा आहे आणि चर्च नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात बॉम्बफेकीत शहराचा मोठा भाग जळला, हजारो माणसं एका आठवड्यात गेली. मनोरा १४७ मीटर, वर लिफ्ट जाते. आजूबाजूची एवढी नवी घरं का आहेत ते वरून कळतं. हे चर्च मुद्दाम तसंच ठेवलंय.

मे महिन्याच्या सुरुवातीला बंदराचा वाढदिवस असतो, ११८९ पासूनचा मानतात. त्या तीन दिवसांत गर्दीत आईंना आणू नका आणि हॉटेलचे दरही बघवत नाहीत. बाकी मे उत्तम. रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

*

बोरीकाठ

ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बाबांना गिरणीचं वाचून दाखवलं. दोन लाख चाळीस हजार हा आकडा त्यांनी मला परत वाचायला लावला. बर्लिन रद्द केलं.

आता तीन शंका. आईचं जेवण राहिलं. लाइपझिग ते हॅम्बुर्ग कसं जायचं? आणि बाबा विचारतात, त्या गिरणीला कापूस कुठला यायचा? तिकडे तर कपाशी होत नाही.

*

सावद्याची ताई

पांझराकाठच्या भाऊंनी निकोलाईच्या मनोऱ्याचं लिहिलं ते बरं केलं. मी तिथे गेले होते. त्याच्यावर लिहायला बसले आणि खोडलं, जमलं नाही.

जेवण. तुमच्या भावाकडे स्वयंपाकघर आहे तर लाइपझिगचे सहा दिवस चिंता नाही. पीठ, तूरडाळ, चटण्या न्या, दूध-तूप आणि घरचं तुपातलं काही नेऊ नका. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तिथे दूध, लोणी, दही चांगलं मिळतं, मी लोणी कढवून तूप केलं. कळण्याचं पीठ नेलं होतं, भाकरी छान झाली. भरिताची आपली हिरवी वांगी मिळत नाहीत, काळी मोठी तुर्की दुकानात मिळतात, गॅस नसला तर ओव्हनमध्ये भाजा. त्याच दुकानात मसूरडाळीचं सूप आणि फलाफल मिळतं, बाहेर असलात की आईला तेच द्या. बेकरीत "ओने आय" असं विचारायचं, म्हणजे अंड्याशिवाय. लाइपझिगची लेर्श नावाची बदामाची गोड वाटी प्रसिद्ध आहे. पूर्वी तिथे चंडोल पक्षी मारून त्यांचं सारण करत, १८७६ मध्ये ती शिकार बंद केली आणि बेकरीवाल्यांनी त्याच आकारात बदामाचं केलं. तिच्यात अंडं असतं, बाबांना द्या. मेमध्ये पांढरा अ‍ॅस्परॅगस सगळीकडे असतो, बटाट्याबरोबर. त्यावर पिवळा सॉस घालतात त्यातही अंडं असतं, त्याऐवजी वितळलेलं लोणी मागा. आईला आवडेल, मुळ्यासारखा नाजूक लागतो.

रविवारी दुकानं बंद. लाइपझिगच्या स्टेशनातलं किराणा दुकान मात्र उघडं असतं. नळाचं पाणी प्या. प्लास्टिकची बाटली घेतलीत तर पंचवीस सेंट अनामत असते, रिकामी परत करून घ्या.

प्रवास. लाइपझिगहून हॅम्बुर्गला वेगवान गाडी बर्लिनवरून जाते, सव्वातीन तास धरा. लवकर तिकीट काढलं तर बरंच स्वस्त पडतं. जागेचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, नुसतं तिकीट म्हणजे जागा नव्हे, आईसाठी ते पैसे वाचवू नका. रुळांची कामं चालू असली की वेळ वाढतो, तेव्हा रेल्वेच्या अ‍ॅपवर तुमची तारीख टाकून बघा. महिन्याचं डॉइचलांड-टिकिट या गाडीत चालत नाही. पण ट्राम, बस, लोकल, हॅम्बुर्गची ती फेरीबोट, सगळ्यांत चालतं. तुमच्या भावाला त्याचा हिशेब करायला सांगा. तिकीट काढलं तरी काही ठिकाणी ते यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. माझ्या नवऱ्यानं मारला नव्हता, खिशात तिकीट असून साठ युरो दंड झाला.

लाइपझिगची एक संध्याकाळ कोस्पुडेनर तळ्यावर घालवा. तिथे पूर्वी कोळशाची उघडी खाण होती, तिच्यात पाणी भरून २००० मध्ये तळं केलं. आता पोरं पोहतात, शिडाच्या होड्या फिरतात. दीपनगरच्या वीजकेंद्राची राख वाऱ्यावर उडताना पाहिलेल्या माणसानं ते तळं बघायलाच हवं. काठावर सपाट रस्ता आहे.

राष्ट्रांच्या लढाईचं स्मारक, १८१३ ला नेपोलियन हरला तिथलं, एक्क्याण्णव मीटर उंच आहे. ते बाहेरून, त्याच्या समोरच्या तळ्याच्या कडेच्या बाकावरून बघा. वर शेकडो पायऱ्या आहेत.

आता बाबांचा प्रश्न. कापूस जहाजानं परदेशातून यायचा. शिवाय गिरणीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, आजच्या टांझानियात, स्वतःची कापसाची शेती सुरू केली होती. पहिल्या महायुद्धात वसाहत गेली, शेतीही गेली. जमीन कुणाची होती आणि वेचणी कोण करत होतं, हे गिरणीच्या लाल विटा बघताना मी मुलीला विचारलं, कारण वेचणीला बायकांची बोटं कशी फाटतात ते मी पाहिलंय.

आणि एक. गिरणीजवळून एक कालवा जातो, कार्ल-हाइने कालवा. १८५६ मध्ये त्याचं काम सुरू झालं. लाइपझिगला मोठी नदी नाही. एल्स्टर नावाची छोटी नदी आहे, ती ‘झाले’ नावाच्या नदीला मिळते, ती पुढे एल्बेला आणि एल्बे हॅम्बुर्गला जाते. बोरी आणि पांझरा तापीत जातात तसंच. कालवा खणून थेट बोटीनं हॅम्बुर्गच्या बंदराशी जोडायचं असं त्यांचं स्वप्न होतं. पुढे १९३३ मध्ये मोठ्या कालव्याचं कामही काढलं, युद्धात १९४३ ला थांबलं, ते आजवर पुरं झालेलं नाही. आहे त्या तुकड्यावर छोटी बोट चालते. आईला तिच्यात बसवा, बाबांना गिरणीत न्या, आणि तासाभरानं पुलावर भेटा. गॅलऱ्या रविवारी-सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवार ते शनिवारमधला दिवस धरा.

*

पांझराकाठचा

ताई, कालव्याचं मला माहीत नव्हतं. सहा वर्षं ज्या पाण्याकाठी राहतो, त्यात लाइपझिगचं पाणी येतं हे कधी डोक्यातच आलं नाही. पुढच्या महिन्यात जाऊन येतो.

बोरीकाठ, तुमचे तीन दिवस ठरले की कळवा. रविवार त्यात येऊ द्या, बाबांना पहाटे बाजारात मी घेऊन जाईन. आईंना झोपू द्या.

*

बोरीकाठ

ठरलं. सहा आणि तीन, रविवार हॅम्बुर्गला. दादा, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

बाबांना आफ्रिकेचं सांगितलं. जरा वेळ गप्प होते, मग उठून आतून पिशवी आणली. शेवटच्या दिवशी जिनिंगमधून आणलेली मूठभर रुई त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. विचारतात, विमानात चालेल का?